गाडीखालचा थेंब

नवरा गेला त्या उन्हाळ्यापासून त्याची मोटारसायकल अंगणात उभी होती आणि तिच्या इंजिनातून ऑइल गळत होतं. रोज सकाळी फरशीवर एक ताजा थेंब. सासूबाई उठल्या की आधी तिथं जायच्या, थेंब बघायच्या आणि मगच चहा ठेवायच्या. मला लई राग यायचा. दुष्काळाचं वर्ष, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, टँकरमागं पळून जीव मेटाकुटीला आलेला, आणि ही तेलकट फरशी धुवायची कुणी?

खोटं कशाला बोलू, रागाइतकीच भीतीही होती. बंद गाडी इतके महिने गळतेच कशी, हा विचार आला की अंगावर काटा यायचा.

मग बिडकीनकडच्या एका कारखान्यात मला नोकरी लागली. आमची वस्ती शहराच्या पार कडेला, बसचा पत्ता नाही. गाडी नवऱ्यानंच मला शिकवली होती, समोरच्या मोकळ्या प्लॉटांवर. तिथं आता घरं झालीत. म्हटलं, आपणच दुरुस्त करू. शहरातून इंजिनाच्या कव्हरखाली बसवायचं नवं पॅकिंग आणलं आणि सुट्टीच्या दिवशी बसले.

आधी खाली घमेलं ठेवून ऑइल सोडलं. इतकं गळल्यावर वाटीभर निघालं तरी नशीब, असं वाटलेलं. निघालं ते भरपूर, आणि मधासारखं स्वच्छ, नवं. माझे हातच थांबले. मेलेल्या माणसाच्या गाडीत नवं ऑइल घालतंय कोण?

सासूबाई दारात उभ्या होत्या.

"मीच ओतते गं," त्या म्हणाल्या. "थेंब दिसला की वाटतं, पोरगं आत्ताच गाडी लावून आत गेलं."

एरवी माझी जीभ कुणाला ऐकत नाही. त्या दिवशी कसंबसं सांगितलं की कामावर जायचं तर हे बंद करावं लागेल. "कर बाई," म्हणाल्या आणि आत गेल्या. मी कव्हर उघडलं. चिकटून बसलेलं जुनं पॅकिंग ब्लेडनं खरवडलं, रॉकेलनं पुसलं, नवं बसवलं आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत नेले, मग ऑइल परत भरलं. रडत होते, पण हात चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी. सासूबाई बराच वेळ तिथं उभ्या राहिल्या. सुटलो एकदाचे, असं मनात म्हणत मी कामावर गेले.

संध्याकाळी गल्लीत वळले. गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई अनवाणी धावत फाटकापाशी आल्या. तीच गाडी, तोच आवाज. त्यांनी फाटक सताड उघडलं. तो गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी बघितला नव्हता. मी हेल्मेट काढलं.

"तू व्हय," त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी रोज गल्लीच्या तोंडाशीच गाडी बंद करायचे आणि घरापर्यंत ढकलत आणायचे.