रस्त्यापलीकडचा फवारा

एउलालिया किंतानारने अर्धा जन्म दुसऱ्यांच्या ओव्हनमध्ये डोकं घालून काढला. कॅलिफोर्नियातल्या ताहो तळ्याकाठची ती लाकडी घरं, पाहुण्यांना भाड्याने द्यायची, तिच्याकडे साफसफाईला असत. सकाळी जुने पाहुणे निघाले की दुपारी नवे टपकायच्या आत घर लख्ख हवं, आणि सामान मात्र तिने पदरचं आणायचं.

त्यात हवेसाठी म्हणून सरकारने नियम काढला. ओव्हन साफ करायचा जुना जालीम फवारा कॅलिफोर्नियात विकायला बंदी. नवा आला तो महाग आणि मुळमुळीत. दोनदा मारा, वर कोपर गळून पडेस्तोवर घासा! तिने मालकीण हॅस्केटबाईंकडे मजुरी वाढवायची गोष्ट काढली, तर बाई म्हणाल्या, स्वच्छ हवा हवी तर सगळ्यांनीच थोडी झळ सोसायला हवी. सगळ्यांनी म्हणजे कोणी, हे एउलालियाने विचारलं नाही. विचारायला अंगात त्राण तरी कुठे होतं.

तिचा दीर एव्हारिस्तो गॅरेजवाला. ब्रेक धुवायचा फवाराही इथे तसाच महागला होता, म्हणून तो जुना माल सरहद्दीपलीकडून, शेजारच्या नेवाडा राज्यातून आणायचा. सरहद्द कसली, गावातलाच एक रस्ता. वहिनीची दशा पाहून त्याने ओव्हनच्या जुन्या फवाऱ्याचे डबेही आणून दिले.

"घ्या वहिनी, रस्त्याच्या त्या बाजूला अजून जुनंच राज्य आहे," तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी ती हसली.

शनिवारी ओव्हनभर चीज जळून कोळसा झालं होतं. तिने डबा रिकामा केला, आणि काय सांगावं, सगळं लोण्यासारखं निघून आलं. बाहेर बर्फ पडत होतं म्हणून खिडक्या घट्ट लावल्या, आतल्याच जिन्याच्या पायरीवर बसून घेवडा भरलेली टॉर्टियाची पोळी निवांत खाल्ली आणि कुलूप घालून घरी आली. पाठ दुखत नव्हती, याचंच तिला नवल वाटलं.

संध्याकाळी कॉफी उकळत ठेवली तोच हॅस्केटबाईंचा फोन आला. पाहुण्यांचे डोळे चुरचुरले, पोरांना ठसका लागला, सगळे हॉटेलात निघून गेले, त्यांचे पैसे परत द्यावे लागले.

"दारातून आत पाऊल टाकवत नव्हतं म्हणे. तू दुपारपर्यंत तिथे होतीस ना? तुला वास आला नाही?"

एउलालियाने शेगडीकडे पाहिलं. कॉफीचाही वास तिला कित्येक वर्षांत आला नव्हता. त्याच जुन्या फवाऱ्याने तिचं नाक कधीच खाऊन टाकलं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. वास न येणाऱ्या बाईला साफसफाईला कोण ठेवणार? नियम शहाणाच होता म्हणा, पण तिचं नाक वाचवायला उशिरा आला आणि खिसा कापायला वेळेवर.

"नाही आला, बाई," ती म्हणाली.

"निदान खोटं तरी बोलू नकोस," असं म्हणून बाईंनी किल्ल्या परत मागितल्या.