हंसिणीखालचा चौथा टायर

सकाळी सात वाजता वॉल्टरराव आमच्या दारात उभे होते. हातात टायरची हवा मोजायचा गेज, नाकावर एक चष्मा आणि टोपीवर दुसरा.

अमेरिकेत अ‍ॅशबर्नला मुलाकडे येऊन मला तीन आठवडे झाले होते. शेजारचे वॉल्टर एक्क्याऐंशीचे. मी त्यांना मनातल्या मनात वॉल्टरराव म्हणायचो. त्यांच्या गॅरेजात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी जीप होती. बारा वर्षं खपून त्यांनी ती स्क्रूपासून रंगापर्यंत अस्सल केली होती, टायर सोडून. जुन्या लष्करी गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षकांनी तीनदा तोच शेरा मारला होता: टायर त्या काळातले नाहीत. आता डोळे अधू झाल्यामुळे पुढच्या वर्षी त्यांचं लायसन्स जाणार होतं. म्हणजे येत्या शनिवारचा मेळावा शेवटचा. आणि पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावर तसे चार टायर असल्याचं त्यांना परवाच कळलं होतं.

मी साताऱ्याला एसटी डेपोत एकतीस वर्षं टायर विभागात काढली. हे समजल्यापासून वॉल्टरराव माझ्याशी डॉक्टरांशी बोलावं तसं बोलत.

"बाबा, मला मीटिंग कॅन्सल करता येणार नाही," नचिकेत म्हणाला, "पण तुम्ही जा. फक्त त्यांना स्लो ड्राइव्ह करायला सांगा."

सांगावं लागलं नाही. गाडी त्यांनी चालवायची आणि पाट्या मी वाचायच्या, असं ठरलं होतं. खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरच्या इमारती मागे पडल्या, पोटोमॅक नदी ओलांडली, मेरीलंड आलं आणि गेलं. मग नुसती मक्याची शेतं. वाटेत एका डायनरमध्ये (हमरस्त्यावरची खाणावळ) थांबलो. मी अंडी आणि बटाटे मागवले; वॉल्टररावांनी माझ्या बायकोने दिलेले धपाटे केचप लावून संपवले.

शेताची मालकीण डोरोथीबाई गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून वाट पाहत होती. तिने आम्हाला बार्नमध्ये (गोठा आणि कोठार एकत्र) नेलं. भिंतीवर तीन टायर टांगलेले. मी नक्षीवरून बोट फिरवलं. ठोकळे दोन्हीकडून सारखेच. गाडी आली की गेली हे मागावरून शत्रूला कळू नये, म्हणून तसे. टायरच्या कडांना बारीक चिरा होत्या. या टायरवर मी एसटी सोडली नसती, पण मैदानात मैलभर चालायला हरकत नव्हती.

"चौथा?" वॉल्टररावांनी विचारलं.

चौथा जमिनीवर आडवा होता, आणि त्यात एक पांढरी हंसीण बसली होती.

"अंड्यांवर आहे," डोरोथीबाई म्हणाली. "अजून अठरा दिवस."

"मेळावा शनिवारी आहे."

"तिला सांगून बघा."

वॉल्टरराव खरोखरच सांगायला गेले. हंसिणीने त्यांची पँट धरली ती डोरोथीबाईने सोडवेपर्यंत सोडली नाही.

शेवटी बाईने तोडगा काढला. दुपारी हंसीण दाणे खायला उठते, तेवढ्यात दुसरा टायर ठेवायचा. तिला पसंत पडला तर जुना आमचा.

ती उठल्याबरोबर डोरोथीबाईने सहा अंडी स्वेटरमध्ये पोटाशी धरली आणि आम्ही बदली टायर मांडला. ट्रॅक्टरचा पाहून हंसिणीने विहिरीत डोकावावं तसं डोकावलं आणि मान वळवली. मोटारीच्या टायरभोवती तिने दोन फेऱ्या मारल्या आणि पुन्हा वॉल्टररावांकडे धावली.

"परीक्षकसुद्धा इतके कडक नाहीत," ते खांबामागून म्हणाले.

"अंडी गार होतायत," डोरोथीबाई म्हणाली. आता ती हसत नव्हती.

मी पंचा काढून घाम पुसला आणि हंसिणीचे पाय पाहिले. आखूड. जुना टायर जेमतेम सहा इंच रुंद. आडवा ठेवला की बुटका. हल्लीचे टायर रुंद, म्हणून आडवे ठेवले की उंच. तिला चढता येत नव्हतं, एवढंच. मग वॉल्टररावांच्या गाडीतली स्टेपनी आठवली. अडीअडचणीपुरती, हडकुळी.

ट्रॅक्टरच्या सामानातून टायर उचकटायच्या दोन लिव्हर घेतल्या आणि रिमवरून स्टेपनीचा टायर उतरवला. निवृत्त झाल्यापासून हे काम केलं नव्हतं, पण हात विसरले नव्हते. पेंढा भरला, अंडी ठेवली. हंसीण आली, चोचीने रबर दोनदा ठोकलं, आणि आत चढून बसली.

वॉल्टररावांनी टोपी काढली.

स्टेपनीशिवाय आम्ही अंधार पडायच्या आत घरी पोचलो. वाटेतला प्रत्येक खिळा मला दिसत होता.

शनिवारी परीक्षक जीपखाली आडवा झाला. बाहेर येऊन त्याने चौथ्या टायरवरच्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलं. "हे काय?"

"हंसीण," वॉल्टरराव म्हणाले.

परीक्षकाने बोट पँटला पुसलं आणि वहीत लिहिलं: टायर योग्य.

संचलन मैलभराचं. वॉल्टरराव ताठ बसून चालवत होते, मी शेजारी. मैदानाच्या टोकाला त्यांनी जीप थांबवली, चष्मा पुसला आणि खाली उतरून माझ्या बाजूला आले.

"सरक," ते म्हणाले. "परतीला तू."

"मला जमणार नाही. आयुष्यभर मी टायर चढवले, गाड्या दुसऱ्यांनी नेल्या."

"मग आज ने. पाट्या मी वाचतो."

मैदानात एकही पाटी नव्हती. साताऱ्याला परतल्यावर लोक अमेरिकेबद्दल विचारतात, तेव्हा मी त्या मैदानातल्या गवताबद्दल सांगतो. पहिल्या गिअरमध्ये, मागच्या गाड्यांची रांग खोळंबवत मी जीप चालवत होतो, आणि शेजारी वॉल्टरराव डोळे मिटून सांगत होते, "सरळ. अजून सरळ."