बोरीच्या ताईंची फर्माईश

बोरीच्या ताई कधी नव्हत्याच. हे मी रेडिओवर एकदा सांगितलं आहे, आता लिहूनही ठेवतो.

निवृत्तीनंतर परभणीतल्या घराच्या मागच्या खोलीतून मी मोबाइलवर ऐकायचा रेडिओ सुरू केला. दर शुक्रवारी, गाव झोपल्यावर. सिनेमातली नाहीत, कुठल्या कंपनीनं काढलेली नाहीत, अशी पोरांनी स्वतः रचलेली गाणी लावायची. काय गाणी ती! सेलूच्या चार पोरांनी तर कापसाच्या जिनिंगच्या यंत्राचा ठेका धरून एक गाणं बांधलं होतं. ते लावलं की माझे म्हातारे पाय टेबलाखाली नाचायचे.

पण फोन काही वाजत नसे. एकदा ते गाणं संपलं आणि ती शांतता मला सोसवेना. माझं आजोळ बोरीचं, म्हणून तोंडात तेच नाव आलं. म्हणालो, "बोरीच्या एका ताईंची फर्माईश आहे, हेच गाणं पुन्हा लावा!" मग दर शुक्रवारी ताई यायला लागल्या. लाज वाटायची आणि मजाही यायची.

एका शुक्रवारी दुपारी सेलूच्या गाणाऱ्या पोराचा फोन आला. "काका, बोरीत आपलं लय पब्लिक हाय! उद्या तिथं बाजाराच्या मैदानात कार्यक्रम ठेवलाय. टेम्पो ठरला, पोस्टर लागले!"

रिकाम्या मैदानापुढे गाणारी ती पोरं डोळ्यांसमोरून हलेनात. खोटं रेडिओवर बोललो होतो, तर खरंही तिथंच बोलायला हवं. त्या रात्री माइक उघडला आणि सांगून टाकलं, "बोरीहून आजवर एकही फोन आलेला नाही. ताई मीच."

लगेच त्या पोराचा फोन. "म्हणजे आमचं गाणं कुणीच मागितलं न्हाई?"

"नाही रे. मीच मागायचो."

त्यानं फोन ठेवला.

मी माझा फोन टेबलावर ठेवतोय तोच तो पुन्हा वाजला. अनोळखी नंबर. मागं पाण्याचा खळखळाट.

"बोरीहून बोलायलोय. काका, आमच्या शिवारात रातचीच लाईट असती. मोटर चालू केली की समदे बांधावर बसून तुमचंच ऐकायलोत की!"

मी विचारलं, "मग फोन का नाही केलात कधी?"

"कशाला करावा? आमच्या मनातलं गाणं ताईच सांगायच्या. गावात लय हुडकलं त्यांना. जो तो म्हणायलाय, ती आमच्याच घरची!"

मी तसाच सेलूला फोन लावला. "बोरी ऐकतंय, टेम्पो काढा रे!" एवढंच ओरडलो.

शनिवारी मैदानात माणसं बसली, ओट्यांवर बसली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतही उभी राहिली. गाणारा पोरगा माझ्याशी अजून बोलला नव्हता. शेवटी तो माइकपाशी आला. "आता बोरीच्या ताईंची फर्माईश," म्हणाला आणि सरळ माझ्याकडे बोट केलं.

सगळं मैदान ओरडलं, "ताई, उठा!"

मी उठलो.