विसावं बाळंतपण

साठ-एकसष्ट साल असेल. यवतमाळला एका दवाखान्याला जोडून नर्स-दायांची शाळा होती. तिथे आम्ही सात मुली शिकत होतो. मी बाभुळगावकडची, शेतकऱ्याच्या घरची. माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी दारव्ह्याजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. शिकायला तांड्याबाहेर पडलेली ती पहिलीच.

प्रत्येकीजवळ एक केसबुक असे. मूल जिच्या हातात आलं, तिच्या वहीत ते बाळंतपण लिहायचं. वीस झाली की परीक्षेला बसता येई. त्या वर्षी नागपूरहून तपासणी होणार होती, आणि शाळा किती कामाची हे आमच्या वह्यांवरून ठरणार होतं. मेट्रनबाई रोज सकाळी विचारत, "कोणाची किती झाली?" त्यामुळे फाटकात बैलगाडी दिसली की आम्ही धावत सुटायचो. तांड्यावरची ती मात्र धावत नसे. एखादी बाई कळा देत असली की तिच्या कमरेवर हात ठेवून तासन्‌तास बसून राही. तिची वही मागे पडत गेली.

शेवटच्या आठवड्यात तांड्यावरची एक पहिलटकरीण आली. भीतीने ती कुणाला हात लावू देईना. माझी मैत्रीण सकाळपासून तिच्याजवळ बसली. त्यांच्या बोलीत तिची समजूत घालत, पाठ चोळत. दुपारी मला म्हणाली, "तू थांब इथं जराशी, मी गरम पाणी आणतो."

ती गेली आणि मूल आलंच, माझ्या हातात. मेट्रनबाई दारात होत्या. "तुझं विसावं ना? लिही."

मी लिहिलं.

ती किटली घेऊन आली. "रडलं ना पोरगं?" एवढंच तिने विचारलं.

तपासणीला आलेल्या बाईंनी तिची वही दोनदा मोजली. एकोणीस. "सहा महिने थांबावं लागेल." मी तिच्या शेजारीच उभी होते. ती माझ्याकडे पाहत होती, मी फरशीकडे. तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. "आता थांबायचं कायले? लगीन जमवून राह्यलो हिचं," म्हणाले आणि त्यांनी ट्रंक खांद्यावर घेतली.

चार वर्षांनी नोकरीवर मी दारव्ह्याला होते. बाजारात ती दिसली, कडेवर मूल.

"ते बाळंतपण तुझं होतं," मी म्हटलं.

"मले मालूम होतं. तू बोलशील म्हणून तर तुह्याकडे पाहून राह्यली होती मी."

आवाजात राग नव्हता. असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

"अजूनही अर्ज करता येतो. मी मेट्रनबाईंना लिहिते सगळं."

"आता कोण सोडते मले?" ती म्हणाली, आणि मुलाला दुसऱ्या कडेवर घेऊन गर्दीत गेली.

त्याच वर्षी माझी बदली झाली. मेट्रनबाईंना पत्र लिहायला मी दोनदा बसले. त्या निवृत्त झाल्या, तरी ते लिहून झालं नाही.