सम्राटाच्या पाठीवरचा ओला रंग

अंतराळातलं एक अख्खं साम्राज्य अल्लीपुरात बुडालं, तेही किराणा दुकानातल्या तेलाने.

त्या साम्राज्याचा सम्राट मी होतो. बुडवणारा विलास.

आज विलासचा स्मृतिदिन. दरवर्षी ठरवतो लिहायचं आणि दरवर्षी टाळतो. आज लिहितोच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघं बारावीत. मी शेतकऱ्याचा पोरगा, तो गावातल्या मोठ्या किराणा दुकानाचा एकुलता एक वारस. त्याला नागपूरच्या चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. फॉर्म आणून ठेवला होता. त्यावर वडिलांची सही तेवढी हवी होती.

त्याच्या वडिलांना सगळं गाव काकाजी म्हणायचं. त्यांच्या लेखी चित्रकला म्हणजे रंगरंगोटी. "दिवाळीत करजो. बाकी गल्ल्यावर बस." विषय संपला.

तेवढ्यात शाळेचं गॅदरिंग आलं. चहाची साखर काकाजींच्या दुकानातली, म्हणून पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांची.

विलासने डोकं लावलं. "एकडाव बाबानं माह्यं काम पाहू दे. मंग सही कसे नाई करत पाह्यतो."

नाटक त्यानेच लिहिलं. दुष्ट सम्राटाने सगळ्या ग्रहांवर रंगांना बंदी घातलेली असते. एक बंडखोर चित्रकार मजूर बनून त्याच्या यानात घुसतो आणि इंजिनाखाली बॉम्ब लावून यान उडवतो. चित्रकार अर्थातच विलास. सम्राटाचं काम मला का दिलं, तर म्हणे, "तुले काई करा लागत नाई. नुसतं बसून राहजो."

असा अपमान फक्त जिवलग मित्रच करू शकतो.

यान मात्र काय बनवलं होतं! तेलाचे रिकामे पिपे कापून, ठोकून सरळ केलेले पत्रे. त्यावर लाल रंगात बटणं, घड्याळासारखे काटे, आकडे. माझं सिंहासन म्हणजे एक स्टूल, पाठ थेट त्या पत्र्यांना टेकलेली. मी आजवर मोठमोठ्या कंपन्यांच्या कंट्रोल रूम पाहिल्या, त्या पत्र्यांची सर कशालाच नाही.

रंग घरीच कालवला होता. गावातल्या बोर्ड रंगवणाऱ्याने सांगितलं होतं, भुकटीत जवसाचं तेल टाकायचं. आता दुकानदाराचा पोरगा तेल विकत कशाला आणेल? त्याने दुकानातल्या पिप्यातून खायचं जवसाचं तेल काढलं. गुपचूप.

नाटक सुरू झालं. दुपारची वेळ, मैदान भरलेलं. मी अंगावर पांढरी चादर पांघरून बसलो होतो, सांगितल्याप्रमाणे, नुसता.

विलासने इंजिनाखाली हात घातला. मागे ठेवलेला सुतळी बॉम्ब फुटायचा होता.

फुस्स.

सादळला होता. काकाजी घड्याळ पाहून राहिलेले.

माझी तंतरली. मी उठून मागे वळलो, विलासला विचारायला, की आता काय बे?

आणि अख्खी शाळा फिसकन हसली.

माझ्या पाठीवर, पांढऱ्या चादरीवर, सगळं यान उतरलं होतं. बटणं, काटे, आकडे, उलटे. रंग वाळलाच नव्हता.

विलासने पुढे येऊन माझी पाठ पाहिली. मग जे बोलला ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं.

"पाहा लोकहो! यान सम्राटाच्या पाठीवर आलं. आता हा यान कसं उडवते?"

मी घाबरून पत्र्यावरचं बटण दाबायला गेलो, हात लाल. नाटकातले माझे शिपाई मला सावरायला आले, ते लाल. विलासने सगळं सैन्य एकेक करून त्या पत्र्यावर ढकललं. ज्या सम्राटाने रंग बंद केले त्याच्या राज्यात रंगाशिवाय कोणी उरलं नाही. टाळ्या थांबेनात.

काकाजी हसले नाहीत. नाटक संपल्यावर स्टेजवर आले, पत्र्याला बोट लावलं, बोटाचा वास घेतला.

"दुकानातलं हाय."

विलास खाली मान घालून उभा.

"कच्चं तेल चार दिवस वाळत नाई. कढवून घ्या लागते. मले काऊन नाई इचारलं?"

"इचारलं असतं तं देल्लं असतं काय, बाबा?"

काकाजींनी खिशातून रुमाल काढला. बोट पुसून निघून गेले.

सही झाली नाही.

मी इंजिनिअरिंगला गेलो. विलास गल्ल्यावर बसला. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, गावातल्या निम्म्या पोरांचे लाकडी नंदी तोच रंगवायचा. देवीच्या मांडवाचे पडदे, शाळेच्या भिंती, सगळं फुकट. दुकानाच्या वेळात कधीच नाही. मी सुट्टीत गेलो की चिडायचो, "पळून जा ना बे."

"बाबा एकटे पडतीन," म्हणायचा आणि ब्रश धुवत बसायचा.

पुढे लग्नाचं बघत होते, तेव्हा डेंग्यूने गेला. आठ दिवसांत. तिशीही गाठली नव्हती.

तेरवीच्या पत्रिकेचा मजकूर मी लिहिला. काकाजींना वाचून दाखवला. "अल्लीपूर येथील किराणा व्यापारी विलास यांचे..."

"थांब."

त्यांनी कागद घेतला, खिशातला पेन काढला. 'किराणा व्यापारी' या शब्दांवर एकावर एक तीन रेघा ओढल्या. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"चित्रकार लिह."

मला त्यांचा भयंकर राग आला. हे जिवंतपणी एकदा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण समोर बसलेल्या त्या म्हाताऱ्याला काय बोलणार? मी लिहिलं.

त्यांनी कागद परत घेऊन वाचला. बराच वेळ वाचत राहिले. एकच शब्द तर बदलला होता.

आता काकाजीही नाहीत.

चित्रकार विलास, अल्लीपूर. तुझ्या मित्राची ही श्रद्धांजली.