हसऱ्या विष्णुपंतांचा फोटो

हिंदी मुलखातल्या खमरियाच्या कारखान्यातून लेथ मशीनवरचा टर्नर म्हणून निवृत्त झाल्यावर मुरलीधरराव कॉम्प्युटर शिकले. सगळा कॉम्प्युटर शिकले असं म्हणता येणार नाही. फोटो लहान करायला शिकले. पण ते काम ते अशा काही झोकात करत, की विजय नगरातल्या मराठी मंडळींना कॉम्प्युटर म्हणजे एवढंच, असं वाटू लागलं. त्यांच्या मराठी मंडळाची वेबसाइट तेव्हा नवी नवी होती आणि तिचं पोट भारी नाजूक. कॅमेऱ्यातला फोटो जसाच्या तसा टाकायला गेलं, की ती बराच वेळ चाचपडायची आणि शेवटी नाही म्हणायची. मग हळदीकुंकू असो की गणपती, कॅमेऱ्याचं कार्ड मुरलीधररावांच्या घरी पोचायचं.

ते कार्डावरचे फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेत, चष्मा नाकावर ओढून एकेक उघडत, चौकटीत वीस टक्के लिहीत आणि ‘सेव्ह’ दाबत. मोठ्या फोटोच्या जागी लहान फोटो बसे. दुसऱ्या नावानं वेगळा ठेवायची सोय असते, हे त्यांना ठाऊक होतं. पण एका कामाचे दोन नग कशाला, हा कारखान्याचा हिशेब डोक्यात पक्का. सगळं झालं की कार्ड पुसून कोरं करत, पाळी संपल्यावर मशीन पुसावं तसं, आणि मगच परत देत.

एकदा कुणीतरी विचारलंच, की पुढं मोठा फोटो लागला तर?

मुरलीधरराव हसले. “अहो, लेथवर एकदा जास्त कापलं की नग भंगारात. आयुष्यभर त्याचीच भीती बाळगली मी. इथं ती भानगड नाही. वीस टाकलं की लहान, पाचशे टाकलं की मोठा. काहून घाबरून राहिले?”

पाचशे त्यांनी कधी टाकून पाहिलं नव्हतं. पण इतक्या ठासून बोलणाऱ्या माणसाला कोण अडवणार?

त्यांचे थोरले भाऊ विष्णुपंत दोन गल्ल्या पलीकडे राहत. फोटोचं नाव काढलं की हा माणूस उठून न्हाणीघरात जायचा. लग्नातल्या एका घोळक्यात अर्धा चेहरा आणि कारखान्याच्या ओळखपत्रावर एक, एवढीच त्यांची नोंद होती. त्या ओळखपत्रावर तर ते असे बघत होते, की जणू चोरी पकडली गेली आहे. वर गालावरच शिक्का बसलेला. पण एका कोजागरीला मंडळाच्या गच्चीवर विष्णुपंत दूध वाढत होते, हातात ओगराळं, आणि कुणाच्या तरी बोलण्यावर तोंड उघडून हसले. पुढचा किडका दातसुद्धा दिसला. मुरलीधररावांनी नेमका तेव्हा कॅमेरा दाबला.

विष्णुपंतांच्या पत्नी हेमलतावहिनींनी तो फोटो कॉम्प्युटरवर पाहिला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, “भाऊजी, हा जपून ठेवाल ना? हे असे कुठंच नाहीत.”

“ठेवला समजा, वहिनी.” मुरलीधररावांनी त्याच दिवशी तो लहान करून वेबसाइटवर टाकला आणि कार्ड कोरं केलं.

त्याच थंडीत विष्णुपंत गेले. बसल्या जागी छाती धरली आणि संपलं. तेराव्याला घाईघाईत ओळखपत्रावरचाच चेहरा मोठा करून पाटावर ठेवला. वहिनींनी त्याला हार घातला, पण पाहिलं नाही. “हे कारखान्याचे आहेत,” त्या म्हणाल्या. “मला घरचे पाहिजेत.” वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा त्यांनी आपल्या खुर्चीसमोर भिंतीत खिळा मारून घेतला आणि दिराला निरोप धाडला: कोजागरीचा फोटो, चांगला मोठा, हवा.

मुरलीधरराव ऐटीत बसले. फोटो उघडला, पाचशे लिहिलं, बटण दाबलं.

विष्णुपंतांचा चेहरा पडदाभर फुगला आणि त्याचे चौकोन चौकोन झाले. डोळ्यांच्या जागी दोन काळी ठिगळं. दात कुठला आणि ओठ कुठला, काही पत्ता नाही. त्यांनी पुन्हा केलं. तीनशे टाकलं, दोनशे टाकलं. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. दादा काही हसेनात. उभ्या नोकरीत ज्यानं एक नग जास्त कापू दिला नाही, त्या हातानं सख्ख्या भावाचा चेहरा कापला होता, आणि कापलेलं आता कुठंच नव्हतं. कार्ड त्यानंतर किती लग्नांनी आणि किती बारशांनी भरलं होतं आणि पुसलं होतं.

नेपियर टाउनच्या फोटोवाल्यानं फोटो पाहून मान हलवली. “ओरिजनल लाइए अंकलजी. इसमें तो कुछ बचा ही नहीं है।”

“यही ओरिजनल है भैया।”

“तो फिर जैसा बनेगा वैसा बनाऊँ?”

जसा बनला तसा तो फ्रेममध्ये बसला. फोटोवाल्यानं चौकोन पुसट केले होते, त्यामुळं धुक्यात कुणीतरी उभं असावं तसं दिसत होतं. मुरलीधरराव तो घेऊन वहिनींकडे गेले ते सगळं कबूल करायचं ठरवूनच. वाटेत शब्दही जुळवून ठेवले.

वहिनींनी फ्रेम मांडीवर घेतली. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. फ्रेम खिडकीकडे नेली. पुन्हा चष्मा पुसला.

“वहिनी, तो फोटो…”

“फोटोला काही म्हणू नका भाऊजी. माझेच डोळे गेले.” त्या कसनुशा हसल्या. “डॉक्टर केव्हाचा म्हणून राहिला, मोतीबिंदू पिकला म्हणून. मीच भीत होते. आता काढूनच टाकते. तेव्हा किती साफ दिसत होते हे. दातसुद्धा दिसत होता ना?”

“दिसत होता,” मुरलीधरराव म्हणाले. खिळा पक्का आहे का ते पाहून त्यांनी फ्रेम टांगली, आणि ती सरळ असूनही उगाच दोनदा सरळ केली.

ऑपरेशनच्या दिवशी तेच वहिनींना ऑटोतून घेऊन निघाले. दुसरं होतं कोण? इंजेक्शनच्या नावानं ज्या बाईचे हातपाय गार पडायचे, ती त्या दिवशी नवी साडी नेसून ताठ बसली होती. नेपियर टाउनच्या वळणावर तो फोटोवाला दुकानाचं शटर उचलत होता. मुरलीधररावांनी मान फिरवली.

“भाऊजी, पट्टी निघाली की मला सरळ घरी न्या,” वहिनी म्हणाल्या. “मध्ये कोणाकडे थांबायचं नाही. पहिले मी ह्यांना पाहीन.”

“हो, वहिनी,” मुरलीधरराव म्हणाले, आणि ऑटोवाल्याला दवाखान्याचं फाटक दाखवलं.