स्पीकरवरची लेक

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. वेळ नव्हता म्हणे. निवृत्त मुख्याध्यापकाला वेळ नसतो, हे इंदापुरात कुणी मानलं नाही, पण मी मानलं.

माझी लेक मस्कतला एका शाळेत गणित शिकवते. शुक्रवारी तिला सुट्टी, दहाला फोन. मी पावणेदहालाच तहसील कचेरीसमोरच्या टपरीवर हजर. फोन बाकावर, स्पीकर चालू. "कान गेले हो," असं मी सगळ्यांना, लेकीलाही, सांगून ठेवलं होतं. परदेशातली लेक एकट्यानं ऐकण्यात काय मजा? चार निवृत्त माणसं भोवती हवीतच.

एका शुक्रवारी ती म्हणाली, "आबा, मी पार संपलेय. शाळेचं गेट दिसलं की परत फिरावंसं वाटतं. घसा गेलाय. फळ्यासमोर उभी राहते आणि काही सुचतच नाही. परत येऊ का?"

शेजारचा दोस्त फुरका मारून म्हणाला, "एसीत दमती व्हय गुरुजी, तुमची लेक? हितं आमी पत्र्याखाली साठ-साठ पोरं हाकली!"

सगळे हसले. मीही. वर बजावलं, "सबंध नोकरीत मी एकदा दमलो नाही." कसा दमणार? अवघड वर्ग मी नव्या शिक्षकांना देत असे.

"कोण आहे तिथं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही गं. टीव्ही."

तेव्हापासून फोनवर ती कायम "मजेत". टपरीवर माझी मान ताठ राहिली.

माझ्या कानांची काळजी मात्र तिनंच केली. हट्टानं बारामतीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, "आबा, कान ठणठणीत आहेत." मी तिला कळवलं, वयोमान. नाहीतर स्पीकरचं काय सांगणार होतो?

मागच्या उन्हाळ्यात ती आली. आठवडाभर नुसती झोपली. कमी बोला, असं तिला तिकडच्या डॉक्टरांनी बजावलेलं. सगळ्यांशी ती खुणांनी बोले. माझ्याशी तेवढी ओरडून. फाटक्या आवाजात, कानाशी येऊन, "आबा, चहा घेणार?" आणि मी बहिऱ्यासारखा "काय?" म्हणायचो. सवय.

भिगवण स्टेशनवर गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतून जिवाच्या आकांतानं ओरडून सांगितलं, "कानांना जपा!" खरं काय ते तिला सांगायला मला आवाज चढवायचीही गरज नव्हती, खिडकी हाताच्या अंतरावर होती. मी नुसता हात हलवला.

पोरी, मला ऐकू येत होतं. त्या शुक्रवारीही. चुकलो.